सरड्याच्या अंड्यामागचे तंतू

पहिल्या पावसांनी माती मऊ झाली की नंदुरबारकडे बांधाबांधावर सरड्याची मादी पुढच्या पायांनी खळगा उकरताना दिसते. दहा-वीस अंडी घालायची, वर माती लोटायची आणि निघून जायचे. पुढे पिल्लांना जे काही लागेल ते तिने अंड्यात आधीच भरून ठेवलेले असते. हे भरणे कसे होते, याचा शोध शंभर वर्षे चालला.

१९०५-०६ मध्ये मारी लोयेझ या फ्रेंच संशोधिकेने सरीसृपांच्या अंडाशयाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. सरडे आणि सापांच्या वाढत्या अंडपेशीभोवती लहान, मध्यम आणि नासपतीच्या आकाराच्या अशा तीन प्रकारच्या पेशी असतात. नासपतीसारख्या पेशीचे निमुळते टोक अंडपेशीकडे वळलेले असते. ते तसे का, हे साध्या सूक्ष्मदर्शकातून कळण्यासारखे नव्हते.

आपल्याकडच्या सरड्याच्या अंडाशयातील बदलांवर १९७० मध्ये एस. के. वर्मा यांचा लेख आला. त्याच दशकात इटलीत तादेई, फिलोसा आणि आंद्रेउचेत्ती यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तिथल्या सरड्याची पुटिका, म्हणजे अंडपेशी आणि तिच्याभोवतीच्या पेशींचे वेष्टन, तपासली. त्या निमुळत्या टोकातून अंडपेशीत चक्क पूल गेलेला होता. दोन्हींचा पेशीरस एकच. नव्वदच्या दशकात पुढचे उलगडले: पिवळा बलक भरायला लागण्याआधी या पेशी आपला ऐवज अंडपेशीला देतात आणि मरून जातात.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते २००० सालचे काम. सुमारे १० नॅनोमीटर जाडीचे, केसांतल्या प्रथिनाच्या कुळातले केराटिन तंतू मॉरिझी, तादेई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रतिपिंडांच्या साहाय्याने शोधले. अंडपेशीच्या कडेला या तंतूंची जाळी होती. मध्यम आणि नासपतीसारख्या पेशींतही ते होते, लहान पेशींत मात्र नव्हते. म्हणजे तंतू दिसतात ते देवाणघेवाणीत उतरलेल्या पेशींत. इतकी उलथापालथ चालू असताना पेशीचा आकार धरून ठेवायला हा सांगाडा हवाच, असे मला वाटते. पुढे २००४ मध्ये व्हायमेंटिन आणि ट्युब्युलिन या पेशीच्या सांगाड्यातल्या इतर प्रथिनांवरचे निबंधही आले.

नंदुरबार, शहादा, तळोदा इथल्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांना विनंती आहे: अंडाशयाचा धडा शिकवताना फळ्यावर सरड्याची पुटिकाही काढा, आणि तो पूल ठळक दाखवा.