प्रोसेसरचे नाव आणि आतला माल

कापड घेताना आम्ही व्यापारी नुसता ताग्यावरचा छाप पाहत नाही, सुताचा नंबरही विचारतो. जीएसटीच्या हिशेबासाठी संगणक घेणाऱ्या अमरावती-अकोल्याच्या बांधवांनी प्रोसेसरचेही तसेच करावे. एएमडीचे रायझन ५ ५५०० आणि ५६०० दोन्ही २०२२ चे, सहा कोरचे, एएम४ बोर्डावर बसणारे. पण पहिल्याचे सांकेतिक नाव ‘सेझान’, दुसऱ्याचे ‘व्हर्मीर’. सेझानला एल३ कॅश १६ एमबी, व्हर्मीरला ३२. नावे चित्रकारांची, पण पडद्यावर चित्र दाखवणारा भाग या दोन्ही नगांत चालू नाही. ग्राफिक्स कार्डाचा खर्च वेगळा. सेझानच्याच ५६००जी मध्ये तो असतो. नुसत्या बिलांसाठी आम्ही तोच घेऊ. सांकेतिक नाव डब्यावर नसते. शेवटच्या अक्षरासह पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या आणि कंपनीच्या संकेतस्थळावर ताडून पाहा.