वाडीतील पोहण्याचा तलाव : निवड कशी करावी?

मुंबई उपनगर जिल्हा म्हटला की अंधेरी, घाटकोपर, मुलुंड येथील दाट वस्ती डोळ्यांपुढे येते. परंतु बोरिवलीहून खाडी ओलांडून गोराईस, अथवा मार्वे येथून तरीने मनोरीस गेले, की नारळी-ताडांच्या वाड्या, भाजीपाल्याचे वाफे आणि गोड्या पाण्याच्या विहिरी अजूनही दृष्टीस पडतात. शनिवार-रविवारी शहरातील कुटुंबे या बाजूस विश्रांतीसाठी येतात आणि कित्येक बागायतदार वाडीतील एखादे घर त्यांना भाड्याने देतात. राज्य शासनाने २०२० साली कृषी पर्यटन धोरण जाहीर केल्यापासून या जोडधंद्याकडे शेतकऱ्यांचे लक्ष अधिकच वेधले आहे.

पाहुण्यांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : "पोहण्याचा तलाव आहे का?" त्यामुळे वाडीवर गेलो असता बागायतदार बंधूही आम्हांस विचारतात, की तलाव कोणता घ्यावा? बांधीव की तयार, लहान की मोठा? याचे उत्तर विक्रेत्याच्या चित्रपुस्तिकेत शोधू नये. ते आपल्या विहिरीत, आणि तेही मे महिन्यातील विहिरीत, शोधावे लागते.

विहिरीखाली समुद्र आहे

किनाऱ्यालगतच्या जमिनीत पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण ते वजनाने हलके असते. वाळूच्या जमिनीत समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडे पाणी असेल, तर सपाटीखाली सुमारे चाळीस फुटांपर्यंत गोडे पाणी टिकते, असा भूजलशास्त्राचा ठोकताळा आहे. खडकाळ जागी हे प्रमाण तंतोतंत लागू पडत नाही; तत्त्व मात्र तेच राहते. सतत उपसा करून वरची पातळी एक फूट उतरविली, की खालचे खारे पाणी त्याच्या कितीतरी पटीने वर चढू लागते. एकदा विहीर मचूळ झाली की एका पावसाळ्यात ती पूर्ववत होईलच, असा भरवसा देता येत नाही.

किनाऱ्यावरील एका वाडीत हा प्रकार आम्ही प्रत्यक्ष पाहिला. मालकाने बारा मीटर लांबीचा सुरेख तलाव बांधला, नाताळच्या हंगामासाठी तो विहिरीच्या पाण्याने भरला व पुढे रोज रात्री पंप चालवून त्याची पातळी राखली. मे महिन्यात विहिरीचे पाणी मचूळ लागू लागले. पालेभाजीच्या पानांच्या कडा करपल्या. शेजारच्या वाडीतील विहिरीसही तीच कळा आली. वास्तविक त्या शेजाऱ्याने तलावही बांधला नव्हता आणि पाहुणेही ठेवले नव्हते. जमिनीखालच्या पाण्यास कुंपण नसते, हे तलावाचा आकार ठरविताना विसरता कामा नये.

प्रथम पाण्याचा हिशेब

एप्रिलच्या अखेरीस सकाळी विहिरीची पातळी दोरीने मोजावी. नेहमीइतका उपसा करावा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा मोजावे. पातळी पूर्ववत आली, तर तेवढा उपसा विहिरीस झेपतो असे समजावे. त्याच सुमारास पाण्याची क्षारता तपासून घ्यावी. विद्युतवाहकता दर मीटरला ०.७५ डेसिसायमनपर्यंत असल्यास पाणी सामान्यतः सर्व पिकांस चालते, २.२५ च्या वर गेल्यास ते ओलितास धोक्याचे होय.

उदाहरणादाखल, मे महिन्यात रोज ६,००० लिटर पाणी निर्धोकपणे देणारी विहीर घेऊ.

घरची पाच व पाहुणे दहा माणसे, दर माणशी १३५ लिटर : २,०२५ लिटर
ठिबकावरील साठ नारळ, दर झाडास ४० लिटर : २,४०० लिटर
भाजीपाला : १,००० लिटर
शिल्लक : ५७५ लिटर

आता दोन तलावांची तुलना करावी. पहिला १२ मीटर लांब, ६ मीटर रुंद व सरासरी दीड मीटर खोल. यात १,०८,००० लिटर पाणी मावते. उन्हाळ्यात रोज पाच मिलिमीटर बाष्पीभवन धरल्यास त्यातून ३६० लिटर पाणी उडून जाते, म्हणजे नऊ नारळांचे पाणी. गाळणी धुण्यास व अंगाबरोबर बाहेर पडण्यास आणखी २५० लिटर धरले, तर रोजचा खर्च ६१० लिटर होतो. हा तलाव शिलकीत बसत नाही.

दुसरा ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद व सरासरी १.१ मीटर खोल. यात सुमारे ३५,००० लिटर पाणी मावते. बाष्पीभवन १६० लिटर व इतर ११० लिटर धरून रोजचा खर्च २७० लिटर होतो. हा तलाव शिलकीत बसतो, आणि दहा माणसे एकाच वेळी उतरली तरी प्रत्येकास तीन चौरस मीटरांहून अधिक जागा मिळते.

तलाव प्रथम भरण्याचे पाणी विहिरीतून घेऊच नये. सांताक्रूझ येथे पावसाळ्यात सरासरी सव्वादोन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. शंभर चौरस मीटरांच्या छपरावरील पाणी पन्हळीने गोळा केले व पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले, तरी पाचशे मिलिमीटर पावसात ४०,००० लिटर पाणी मिळते. पहिल्या सरींचे मळके पाणी सोडून द्यावे व पुढचे गाळून तलावात घ्यावे. तलाव भरल्यावर छपराचे पाणी विहिरीभोवती जिरवावे. शेजारच्या वसईत गोड्या पाण्याची बावखले राखण्यामागे हीच दूरदृष्टी होती.

तलावाचे प्रकार

१. सिमेंट काँक्रीटचा बांधीव तलाव : टिकाऊ व हव्या त्या आकाराचा होतो. परंतु खर्च व वेळ अधिक लागतो आणि खाऱ्या हवेत लोखंडी सळया गंजण्याची भीती असते. सळयांवर काँक्रीटचे पुरेसे आवरण व उत्तम जलरोधन यांबाबत तडजोड करू नये.

२. फायबरचा तयार तलाव : थोड्या दिवसांत बसतो, गंजत नाही व गुळगुळीत असल्याने शेवाळ कमी धरतो. लहान वाडीस हा सोयीचा पडतो. मात्र वाडीच्या अरुंद वाटेने तो आत नेता येईल काय, हे मागणी नोंदविण्यापूर्वी पाहावे.

३. प्लास्टिक अस्तराचा तलाव : पोहण्यासाठी बनविलेले अस्तर, उभ्या भिंती व पायऱ्या असतील तर हा स्वस्त पडतो, अस्तर मात्र काही वर्षांनी बदलावे लागते.

येथे एक गोष्ट निक्षून सांगणे आवश्यक आहे. प्लास्टिक कागद अंथरलेले शेततळे हा पोहण्याचा तलाव नव्हे. त्याच्या उतरत्या, निसरड्या कडांवर पट्टीच्या पोहणाऱ्यालाही पाय रोवता येत नाही, आणि अशा तळ्यांत बुडून माणसे दगावल्याच्या घटना राज्यात वारंवार घडतात. शेततळ्यास कुंपण घालावे, कडेने दोर सोडून ठेवावेत व पाहुण्यांस तिकडे फिरकू देऊ नये.

पावसाळ्यात तलाव रिकामा करू नये

जुलै-ऑगस्टमध्ये भूजल जमिनीच्या पृष्ठभागाजवळ येते. अशा वेळी तलाव रिकामा केला तर तो होडीसारखा वर उचलला जातो. बाहेरचे पाणी काठापर्यंत आले असता आपल्या लहान तलावावरही सुमारे ३५ टनांचा वरचा दाब पडतो. यास्तव तळाशी दाब सोडणारी झडप बसवून घ्यावी व सफाईची मोठी कामे उन्हाळ्यात उरकावीत.

पाणी झाडांच्या उपयोगी पडावे

गाळणी व पंप असे असावेत, की तलावातील सर्व पाणी सुमारे सहा तासांत एकदा गाळले जाईल. ३५,००० लिटरांच्या तलावास तासाला ६,००० लिटरांचा पंप पुरतो. पाण्यात मोकळा क्लोरीन दहा लाख भागांत एक ते तीन भाग व सामू ७.२ ते ७.८ च्या दरम्यान राखावा. तपासणीचा संच वापरणे अवघड नाही.

हल्ली मिठापासून क्लोरीन तयार करणारे यंत्र घेण्याचा आग्रह होतो. त्यासाठी दर लिटरला तीन ते चार ग्रॅम मीठ लागते, म्हणजे आपल्या तलावात सुमारे सव्वाशे किलो! असे पाणी भाजीपाल्यास घातल्यास जमीन बिघडते, आणि ते तसेच जिरले तर विहिरीकडे जाते. वाडीसाठी हे यंत्र निवडू नये. शेवाळासाठी तांबेयुक्त औषधेही टाळावीत, कारण तांबे जमिनीत साठून राहते. तलावातील पाणी झाडांना देण्यापूर्वी क्लोरीन घालणे थांबवावे व संचाने तपासून तो नाहीसा झाल्यावरच पाणी नारळाच्या आळ्यांत सोडावे.

ब्लीचिंग पावडर व युरिया अथवा अन्य खते एका खोलीत कदापि ठेवू नयेत. ही द्रव्ये एकत्र आल्यास विषारी व स्फोटक वायू निर्माण होऊ शकतो. क्लोरीनची दोन निरनिराळी औषधेही एकमेकांत मिसळू नयेत.

जीविताची काळजी

वाडीवर येणारे बहुतेक पाहुणे पोहणारे नसतात. खोली एका टोकास ०.९ व दुसऱ्या टोकास १.३ मीटर एवढी पुरे; सूर मारण्यास मनाई असावी व खोलीचे आकडे काठावर ठळक लिहावेत. अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलातील किंवा मुलुंडच्या कालिदास संकुलातील तलाव आधी पाहून यावेत, म्हणजे देखरेखीची कल्पना येईल. तलावाभोवती किमान १.२ मीटर उंचीचे कुंपण व आपोआप बंद होणारे फाटक घालावे. तळाशी पाणी ओढणारी तोंडे दोन असावीत व त्यांवर भक्कम जाळी असावी. विजेच्या जोडणीस गळती रोखणारा स्वयंचलित खटका बसवावा. तरंगती चकती, दोर व लांब बांबू हाताशी ठेवावेत. पोहता येणारा जबाबदार माणूस हजर नसेल तेव्हा फाटकास कुलूप असावे. रात्री तर असावेच.

खणण्यापूर्वी परवानगी

किनारपट्टी नियमनाची अधिसूचना प्रथम १९९१ मध्ये निघाली. तिच्या जागी २०११ ची व पुढे २०१९ ची अधिसूचना आली. आपला भूखंड कोणत्या क्षेत्रात मोडतो व तेथे खोदकाम चालते काय, हे महानगरपालिकेकडून लेखी समजून घ्यावे. पाया खणून झाल्यावर विचारणे महागात पडते.

पाहुणा दोन दिवस राहतो आणि जातो. विहीर पिढ्यान्‌पिढ्या राहावयाची आहे. तिला झेपेल एवढाच तलाव घ्यावा. हिशेबात शिल्लक उरत नसेल, तर तलावाविना घर भाड्याने द्यावे. विहिरीचे गार पाणी, नारळाची सावली व परसातील ताजी भाजी यांसाठी येणारे पाहुणेही पुष्कळ आहेत. एप्रिलमध्ये पातळी मोजण्यास व पाण्याचा नमुना तपासण्यास आपल्या कृषी अधिकाऱ्याचे साहाय्य अवश्य घ्यावे.