आई पुण्यात, नोकरी संरक्षण खात्याच्या कामावर

२९ जून १९५४. अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाने चार विरुद्ध एक मताने रॉबर्ट ओपनहायमर यांना सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे सरकारी गुपितं पाहण्याची मुभा, नाकारली. त्यांचा सल्लागारपदाचा करार दुसऱ्याच दिवशी संपणार होता!

अणुबॉम्ब घडवणाऱ्या या माणसाच्या देशनिष्ठेबद्दल चौकशी मंडळालाही शंका नव्हती. मग अडलं कुठे? पत्नी, भाऊ आणि भावजय हे तिघेही पूर्वी कम्युनिस्ट पक्षात होते, हे खरं. पण जास्त महाग पडली ती एक थाप. हाकॉन शेव्हालिए या मित्राने सोव्हिएत संघाकडे माहिती पोचवण्याची वाट असल्याचं सुचवलं होतं. ओपनहायमर यांनी ते धुडकावलं. मात्र १९४३ मध्ये सुरक्षा अधिकाऱ्यांपुढे मित्राचं नाव दडवून भलतीच कहाणी रचली. अकरा वर्षांनी ती अंगाशी आली.

आज अमेरिकेत क्लिअरन्स द्यायचा की नाही, हे ठरवायला तेरा निकष आहेत. दुसरा परकीय प्रभावाचा, पाचवा वैयक्तिक वर्तनाचा.

समजा, अमेरिकेचा नागरिक झालेल्या एका मराठी इंजिनिअरला संरक्षण खात्याच्या गुप्त प्रकल्पावर काम करायचंय. आईवडील पुण्यात, कोथरूडला एक फ्लॅट, दर रविवारी व्हिडिओ कॉल. शंभराहून अधिक पानांच्या ‘एसएफ-८६’ अर्जात हे सगळं भरावं लागतं. अगदी सासूसासऱ्यांचं नागरिकत्वसुद्धा. नातेवाईक परदेशी आहेत एवढ्यावरून अर्ज बाद होत नाही. देश कोणता, नातेवाईक तिथल्या सरकारी वा लष्करी सेवेत आहेत का, त्यांना वेठीस धरून अर्जदारावर दबाव आणता येईल का, हे तपासतात. अमेरिकेतलं घर, संसार, वर्षानुवर्षांची नोकरी हे तराजूच्या दुसऱ्या पारड्यात पडतं.

पण ‘उगाच चौकशी नको’ म्हणून परदेशातल्या भावाचं नाव मुद्दाम गाळलं, तर गाडी पाचव्या निकषात अडकते. चूक पकडली जाण्याआधी स्वतःहून कबूल केली, तर ते अर्जदाराच्या बाजूने धरतात. तरीही शंका उरली, तर कौल देशाच्या बाजूने. क्लिअरन्स हा कुणाचा हक्क नाही, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच सांगून ठेवलंय.

ओपनहायमर यांच्याविरुद्धचा तो निर्णय डिसेंबर २०२२ मध्ये ऊर्जामंत्री जेनिफर ग्रॅनहोम यांनी रद्द केला. चौकशीत आयोगाने स्वतःचेच नियम मोडले होते, हे त्यामागचं कारण. तोवर ओपनहायमर यांना जाऊन पंचावन्न वर्षं झाली होती.