अर्धी कापलेली फांदी

डरबनच्या किनाऱ्यावर वाळूच्या टेकड्यांमागे ठेंगण्या झाडांचं दाट रान लागतं. त्या रानाच्या समुद्राकडच्या कडेला, खारा वारा थेट अंगावर घेत अमाटुंगुलू वाढतं. आपल्या करवंदाचं हे सख्खं भावंड, दोघंही कॅरिसा प्रजातीतली. पान खुडलं की तसाच पांढरा चीक येतो. पाच पाकळ्यांची शुभ्र फुलं मोठी, सुवासिक. फळं करवंदाहून कितीतरी मोठी आणि पिकली की लालभडक. काटा मात्र टोकाला दुभंगलेला. एका टोकातून बोट सोडवावं तर दुसरं रुतलेलं असतं. म्हणून कुंपणाला याच्यासारखं झुडूप नाही.

बी पेरलं तर दोनेक आठवड्यांत उगवतं, पण पुढे रोप फार रेंगाळतं. शिवाय कुठलं रोप फळेल, याचा भरवसा नाही. त्यामुळे मी कलमंच करतो. कोवळ्या फांदीवर शेंड्यापासून चारेक बोटं खाली धारदार चाकूने काप द्यायचा, तोही अर्ध्यापर्यंतच. चीक लगेच ओघळतो, चाकू चिकट होतो, तो दर फांदीला पुसावा लागतो. मग शेंडा हळूच खाली वाकवून तसाच लोंबता सोडायचा. झुडपाची रया जाते. येणारेजाणारे विचारतात, ढोरं शिरली होती का? साधारण दोन महिने फांदी आईच्या अंगावरच राहते आणि जखमेवर गाठ धरते. ती गाठ बोटाला टणक लागली की फांदी तोडून सावलीतल्या वाळूच्या वाफ्यात लावायची. महिनाभरात मुळं फुटतात. घाईने आधीच तोडलेल्या फांद्या बहुधा वाळून जातात.

डरबनच्या रानात रात्री उडणारे पतंग आणि बारके भुंगेरे परागीभवन उरकतात. १९०३ मध्ये अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ डेव्हिड फेअरचाइल्ड यांनी डरबनच्या वनस्पती उद्यानातून याचं भरपूर बी अमेरिकेत नेलं. मायामीत हजारो रोपं तयार होऊन वाटली गेली. तिथली कित्येक झुडपं फुलायची, पण फळायची नाहीत. दुसऱ्या झुडपाचे पराग हाताने लावले, तेव्हा अशा झुडपांनाही फळं धरली.

तेव्हा कुंपण करणाऱ्यांनी एवढं पाहावं, की सगळी कलमं एकाच झुडपाची नकोत. निदान दोन वेगळ्या झुडपांवरून घ्यावीत.