आखातात संसार कोणाचा?

नरसी नामदेवसारख्या गावातून आखातात गेलेल्याला बायकामुले सोबत ठेवता येतील काय, हे त्याचा पगार ठरवतो. संयुक्त अरब अमिरातीत २०१९ पासून त्यासाठी महिना ४००० दिरहम, किंवा ३००० आणि राहायला जागा, अशी अट आहे. त्याखालचा मजूर कॅम्पात एकटा राहतो. ज्याचा संसार तिथे मांडला जातो, तोही नोकरीवर टांगलेला. ती गेली आणि मुदतीत दुसरी मिळाली नाही, तर साऱ्या कुटुंबाला परतावे लागते. दहावी न झालेल्यास आखातात कामाला जाण्यापूर्वी १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार सामान्यतः सरकारी मंजुरी लागते. हेतू संरक्षणाचा आहे. परंतु कॅम्प आणि घर यांची फाळणी गावकुसाबाहेरच्या मुलाची शाळा सुटते तेव्हाच सुरू होते. आपली लढाई तिथूनच सुरू झाली पाहिजे.