पत्त्याच्या शेवटचा स्लॅश : गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘/संपर्क’ आणि ‘/संपर्क/’ हा एकच पत्ता, असं वेबसाइट बांधणारे बरेच जण धरून चालतात. पण २००५च्या आरएफसी ३९८६ या मानकानुसार हे दोन वेगळे पत्ते आहेत. दोन्हींवर तेच पान द्यायचं का, हे सर्व्हर ठरवतो. फरक पाहायचाय? ‘/अंक/दिवाळी’ या पानावर नुसती ‘कथा’ अशी लिंक दिली, तर ब्राउझर शेवटच्या स्लॅशपुढचा तुकडा काढतो आणि ‘/अंक/कथा’ उघडतो. ‘/अंक/दिवाळी/’ वरून मात्र तीच लिंक ‘/अंक/दिवाळी/कथा’ वर जाते. नुसत्या डोमेनपुढे तेवढा स्लॅश असला-नसला तरी चालतो.

डोमेन सोडून इतर पत्त्यांच्या शेवटचा स्लॅश ब्राउझर आपणहून लावतो, हेही खरं नाही. त्याला तसं सांगतो सर्व्हर, आणि इथे प्रत्येक फ्रेमवर्कची रीत वेगळी. एक्सप्रेस मुळात दोन्ही पत्ते एकच मानतं. फ्लास्कमध्ये मार्ग स्लॅशसकट लिहिला असेल, तर बिनस्लॅशची विनंती योग्य पत्त्याकडे वळवली जाते. उलट मार्ग स्लॅशविना लिहिला आणि कुणी स्लॅश लावून आलं, तर थेट ४०४. जँगोत ‘अपेंड स्लॅश’ ही सेटिंग आधीपासूनच चालू असते. पत्ता जुळत नसेल, पण स्लॅश लावून जुळत असेल, तर ते ३०१ रीडायरेक्ट देऊन तिकडे पाठवतं.

‘रीडायरेक्ट आहे ना, मग काळजी कशाला?’ हा समज सगळ्यात महागात पडतो. जँगोतल्या एखाद्या फॉर्मच्या पत्त्यात स्लॅश लावायचा राहिला असं समजा. डीबग चालू असेल तर जँगो त्रुटी दाखवून थांबतं; हा उपकारच. डीबग बंद असलेल्या खऱ्या साइटवर मात्र ३०१ जातो, ब्राउझर पोस्टच्या जागी गेट विनंती करतो आणि भरलेली माहिती सर्व्हरच्या कोडपर्यंत पोचतच नाही. पान व्यवस्थित उघडतं, त्यामुळे भरणाऱ्याला काही कळतही नाही. ३०७ आणि ३०८ या रीडायरेक्टमध्ये विनंतीचा प्रकार आणि मजकूर टिकतो. म्हणून फास्टएपीआय ३०७ देतं आणि आजचं फ्लास्क ३०८. तरी एक फेरी वाढतेच.

तेव्हा स्लॅश हवा की नको, हे प्रकल्पाच्या सुरुवातीलाच ठरवा. आणि फॉर्म व लिंकमधले पत्ते हाताने टाइप करू नका, फ्रेमवर्ककडूनच तयार करून घ्या. त्यासाठी जँगोत ‘यूआरएल’ टॅग आहे, फ्लास्कमध्ये ‘यूआरएल फॉर’.