विश्लेषण : आजीच्या डब्यातले जुने नाणे युरोपचे आहे का? ओळखायचे कसे, जपायचे कसे?

ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीत जुने वाडे, चाळी आणि इमारती पुनर्विकासासाठी रिकाम्या होत आहेत. सामान आवरताना देव्हाऱ्याच्या खणात किंवा जुन्या ट्रंकेच्या तळाशी अनोळखी नाणी हाती लागतात. त्यांवर ना सिंहमुद्रा असते, ना ओळखीचा राजा. मग कोणी ती मोडीत काढतो, तर कोणी ‘लाखोंचा भाव’ ऐकून मोबाइलवर जाहिरात टाकतो. दोन्हींत नुकसान होऊ शकते. ही नाणी घरच्या घरी कशी ओळखता येतात, याविषयी…

युरोपची नाणी या परिसरात आली कशी?

गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने १५३४च्या तहाने वसई आणि परिसर पोर्तुगीजांना दिला. ठाणेही त्यांच्या अमलाखाली आले. मराठ्यांनी १७३७ मध्ये ठाणे आणि १७३९ मध्ये वसई जिंकली. पुढे १७७४च्या अखेरीस ठाण्याचा किल्ला इंग्रजांनी घेतला. म्हणजे या पट्ट्यात पोर्तुगीज, मराठा आणि इंग्रज या तीन सत्ता नांदल्या. शिवाय अरबी समुद्रातील व्यापारातून युरोपचे सोने-चांदी कोकण किनाऱ्यावर येत होते. काही नाणी अगदी अलीकडची असतात. जहाजावर नोकरी केलेल्या आजोबांनी किंवा परदेशातून आलेल्या पाहुण्यांनी ती आणलेली असतात. सन २००२ मध्ये युरोची नाणी आल्यावर अनेक देशांची जुनी नाणी चलनातून गेली. त्यातली चिल्लर आपल्याकडे बरीच आहे.

सुरुवात कुठून करायची?

आधी लिपी पाहावी. रोमन, ग्रीक की रशियन, एवढे कळले तरी अर्धे काम होते. रोमन लिपी असली म्हणजे नाणे इंग्रजीच असते असे नाही. बहुतेक देश स्वतःचे नाव स्वतःच्या भाषेत लिहितात. ‘हेल्व्हेशिया’ म्हणजे स्वित्झर्लंड, ‘स्वेरिये’ म्हणजे स्वीडन, ‘सुओमी’ म्हणजे फिनलंड, ‘मॅग्यार’ म्हणजे हंगेरी. जुन्या नाण्यांवर राजाचे नाव लॅटिनमध्ये असते आणि ‘यू’च्या जागी ‘व्ही’ कोरलेला असतो. म्हणून ‘जॉर्जियस’ या नावातही ‘व्ही’ दिसतो. नावापुढची ‘डी. जी.’ ही अक्षरे ‘देवाच्या कृपेने’ या लॅटिन शब्दांचे संक्षिप्त रूप आहेत, तर ‘रेक्स’ म्हणजे राजा.

त्यानंतर साल, मूल्य, कडेचे कंगोरे किंवा अक्षरे, व्यास आणि वजन यांची नोंद करावी. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा आणि भिंग एवढे साहित्य पुरते. दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो दिवसाच्या उजेडात काढावेत. ही माहिती हाती असेल, तर छापील किंवा ऑनलाइन कॅटलॉगमध्ये नाणे शोधणे सोपे जाते.

‘पुतळी’चा व्हेनिसशी काय संबंध?

पुतळ्यांची माळ मराठी घरांना नवी नाही. व्हेनिसच्या डुकाट या सोन्याच्या नाण्याला आपल्याकडे त्यावरील आकृत्यांमुळे ‘पुतळी’ म्हणत. व्हेनिसमध्ये हे नाणे १२८४ पासून पडू लागले आणि १७९७ मध्ये ते प्रजासत्ताक संपेपर्यंत त्याचे रूप फारसे बदलले नाही. एका बाजूला उभे संत मार्क आणि त्यांच्यासमोर गुडघे टेकलेला ‘डोज’, म्हणजे व्हेनिसचा शासक. दुसऱ्या बाजूला ताऱ्यांनी वेढलेल्या लंबगोलात येशू ख्रिस्त. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम आणि सोने जवळपास शुद्ध. नाण्यावर साल नसते. डोजच्या नावावरून काळ ठरतो.

मात्र घरातली प्रत्येक पुतळी व्हेनिसची नसते. मागणी मोठी असल्याने भारतातही तिच्या नकला झाल्या. अस्सल नाण्यावरील लॅटिन अक्षरे वाचता येतात. नकलेत ती निरर्थक रेघांसारखी दिसतात. नक्कलही सोन्याची असू शकते आणि दागिना म्हणून तिलाही इतिहास आहे. त्यामुळे माळ मोडण्यापूर्वी प्रत्येक पुतळी भिंगाखाली पाहावी. एकदा वितळली की डोजचे नाव कायमचे गेले. माळेतल्या पुतळीला कडी आणि डाग असतात, त्यामुळे तिचे वजन मूळ नाण्याशी तंतोतंत जुळणार नाही, हेही लक्षात ठेवावे.

मुंबईत पाडलेली गिन्नी कशी ओळखायची?

गिन्नी म्हणजे ब्रिटिश सॉव्हरिन. वजन ७.९८ ग्रॅम, म्हणजे पाऊण तोळ्याला थोडी कमी. व्यास सुमारे २२ मिलिमीटर. सोने २२ कॅरेट. एका बाजूला राजा किंवा राणी, दुसऱ्या बाजूला बहुधा घोड्यावर बसून अजगराला मारणारा सेंट जॉर्ज. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस लंडनच्या रॉयल मिंटची शाखा मुंबईत सुरू झाली आणि तेथे १९१८ सालाच्या सुमारे १२ लाख ९५ हजार गिन्न्या पाडल्या गेल्या. त्यांच्यावर सालाच्या वर, जमिनीच्या रेषेवर, इंग्रजी ‘आय’ हे अक्षर बारीक कोरलेले असते. 

पोर्तुगीज, डच आणि कंपनीच्या नाण्यांच्या खुणा कोणत्या?

पोर्तुगीज राजचिन्हात पाच छोट्या ढाली असतात. गोव्याच्या काही जुन्या नाण्यांवर चाक दिसते. हे संत कॅथरीनचे चाक, कारण अफोंसो द अल्बुकर्कने तिच्या सणाच्या दिवशी, २५ नोव्हेंबर १५१० रोजी, गोवा जिंकले. १८८१च्या रुपियावर राजा लुईशचे लॅटिन नाव आणि ‘इंडिया पोर्तुगेझा’ अशी अक्षरे आहेत. १९५८ मध्ये तिथे रुपियाऐवजी एस्कुदो आला.

तांब्याच्या लहान नाण्यावर मोठ्या ‘व्ही’च्या दोन पायांत ‘ओ’ आणि ‘सी’ गुंफलेले असतील, तर ते डच ईस्ट इंडिया कंपनीचे. तराजू आणि त्यात फारसी ‘अदल’ म्हणजे न्याय हा शब्द असेल, तर ते मुंबई इलाख्यासाठीचे इंग्रज कंपनीचे.

नाण्यावरचे साल नेहमी खरे असते का?

नाही. ऑस्ट्रियाची राणी मारिया थेरेसा १७८० मध्ये वारली. पण तिचा चांदीचा थेलर अरबस्तान आणि पूर्व आफ्रिकेच्या व्यापारात इतका चालत होता, की तेच साल ठेवून तो पुढे दीडशेहून अधिक वर्षे पाडला गेला. १९४०-४१ मध्ये तो मुंबईच्या टांकसाळीतही पडला. म्हणून ‘१७८०’ दिसले, की नाणे अडीचशे वर्षांचे असे समजू नये. वजन सुमारे २८ ग्रॅम नसेल, तर ते नाणेच संशयास्पद आहे.

नकली नाणे घरी कसे पकडायचे?

सोने, चांदी आणि तांबे लोहचुंबकाला चिकटत नाहीत. कडेवर जोडाची रेघ, पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांचे खड्डे, गुळगुळीत झालेली अक्षरे, या ओतीव नकलेच्या खुणा. सोन्यासाठी पाण्याची चाचणी सोपी आहे. काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्य करावा आणि दोऱ्याला बांधलेले नाणे तळाला न टेकता बुडवावे. कोरड्या वजनाला त्या आकड्याने भागले की घनता मिळते. गिन्नीचा आकडा ०.४५च्या आसपास आणि घनता साडेसतराच्या जवळ येते. पितळेची साडेआठच्या घरात असते.

सर्वाधिक फसवणूक होते ती राम दरबार, हनुमान अशा चित्रांच्या आणि ‘ईस्ट इंडिया कंपनी, यूकेएल, १८१८’ असे लिहिलेल्या नाण्यांत. अशी नाणी कंपनीने कधीच पाडली नाहीत. ‘तुमचे नाणे लाखोंना घेतो, आधी नोंदणी शुल्क भरा’ असा फोन आला, तर तो तिथेच बंद करावा. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच स्पष्ट केले आहे, की जुन्या नाण्यांच्या अशा व्यवहारांत बँक पडत नाही आणि कोणाकडून शुल्क किंवा कमिशन मागत नाही.

नाणे घासून चकचकीत करावे का?

अजिबात नाही. चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर, टूथपेस्ट यांनी वरचा थर निघतो, बारीक ओरखडे पडतात आणि संग्राहकाच्या लेखी किंमत घसरते. नाणे कडेने धरावे आणि कोरड्या कागदी पाकिटात ठेवावे. मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटात कालांतराने हिरवट चिकट थर येतो. दमट हवेत सिलिका जेलची पुडी सोबत ठेवावी.

कायदा काय सांगतो?

पायासाठी खोदताना किंवा परसात जमिनीत नाणी सापडली आणि त्यांचे मूल्य १० रुपयांहून अधिक असेल, तर १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. माहिती लपवणाऱ्याला शिक्षा होऊ शकते. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२च्या पुरावशेष कायद्याखाली येते. ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. त्यामुळे परदेशी ग्राहकाला कुरिअरने १९१८ची गिन्नी पाठवणे हा गुन्हा ठरतो.

खात्री कुठे करता येईल?

डोळा तयार व्हायला अस्सल नाणी पाहायला हवीत. मध्य रेल्वेने सीएसएमटीला उतरले, की फोर्टमधील रिझर्व्ह बँकेचे नाणे संग्रहालय आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय दोन्ही एका दिवसात होतात. नाशिक-त्र्यंबकेश्वर रस्त्यावर अंजनेरी येथे नाणेशास्त्राला वाहिलेली संशोधन संस्था आहे. सराफ सोन्याचा कस सांगेल; नाण्याची ओळख सांगेलच असे नाही. विकायचेच असेल, तर किमान दोन जाणकारांचे मत घ्यावे, वजन आणि फोटोंची नोंद आपल्याकडे ठेवावी. आणि नाणे घरात कोणी, कुठून आणले हे ज्येष्ठांना विचारून एका चिठ्ठीवर लिहून त्याच पाकिटात ठेवावे. ही माहिती कोणत्याही कॅटलॉगमध्ये मिळत नाही.